पूर्ण खेळ शिकवायचा असेल तर

हे पुस्तक मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्यांसाठी आहे. शाळेतले पीटीचे सर आणि मॅडम, संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानावर उभे राहणारे जुने खेळाडू, नुकताच प्रशिक्षकाचा डी परवाना मिळवलेली एखादी ताई आणि मुलीला सोडायला येऊन मैदानाच्या कडेला बसून राहणारे पालक, असे सगळे वाचक हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत. चेंडू तोच, गोलपोस्टची मापे तीच, नियमांची सतरा कलमेही तीच. मग मुलींच्या प्रशिक्षणासाठी वेगळे पुस्तक कशाला, हा प्रश्न यातल्या अनेकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे.

मुलींचे प्रशिक्षण आपल्याकडे दोन चुकीच्या पद्धतींनी होताना दिसते. पहिल्या पद्धतीत मुलगी नाजूक धरली जाते. तिला धावायला कमी, टॅकल शिकवायचा नाही, डोक्याने चेंडू मारायला लावायचा नाही, सामना हरली तरी ‘खेळलीस ना, बास’ म्हणून पाठ थोपटायची. दुसऱ्या पद्धतीत मुलांच्या संघाचा तक्ता जसाच्या तसा मुलींच्या हातात दिला जातो आणि त्यात कोणी मागे पडली की दोष तिचा ठरतो. पहिली पद्धत मुलीला खेळ पूर्ण शिकू देत नाही, दुसरी तिला जायबंदी करते. माझे म्हणणे असे की मुलींकडून पूर्ण खेळाची अपेक्षा ठेवायची, आणि ती हक्काने ठेवता यावी म्हणून त्यांचे शरीर, त्यांचे घर आणि त्यांची मैदानापर्यंतची वाट प्रशिक्षकाने आधी समजून घ्यायची.

सुरुवात वर्षांच्या हिशेबापासून करू. बारा-तेरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा मैदानावर येते, तेव्हा तिच्या वयाचा मुलगा गल्लीत, बोळात, शाळेमागच्या पटांगणात पाच-सहा वर्षे चेंडू खेळलेला असतो. त्याला ते कोणी शिकवलेले नसते, तरी उसळता चेंडू कुठे पडेल याचा अंदाज आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवण्याची सवय त्याच्या पायांत मुरलेली असते. कोल्हापुरात हे चांगले दिसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ उतरले की शाहू स्टेडियम भरते, आणि तालमीच्या कट्ट्यावर वाढणारा मुलगा चालायला लागल्यापासून फुटबॉलच ऐकत असतो. त्याच पेठेतल्या त्याच्या बहिणीला तो कट्टा मिळत नाही. ती पुढे मैदानावर येते, पहिला पास अडवताना चेंडू तिच्या पायाखालून निसटतो आणि कडेला उभा असलेला कोणीतरी म्हणतो, ‘पोरींचं असंच असतं.’ तसे ते नसते. तिथे दिसतो तो न मिळालेल्या सरावाचा परिणाम, आणि सराव देता येतो. मणिपूरच्या ओइनम बेम्बेम देवी लहानपणी मुलाचे नाव सांगून मुलांमध्ये खेळत असत. पुढे त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गल्लीतल्या खेळाची ती वर्षे त्यांनी स्वतःच मिळवली होती.

म्हणून नवख्या मुलींच्या पहिल्या वर्षात चेंडूला होणारे स्पर्श सर्वांत मोलाचे. वीस मुलींना एका रांगेत उभे करून एकेकीला गोलवर फटका मारायला लावला, तर तासाभरात एकीच्या वाट्याला मोजकेच फटके येतात आणि बाकीचा वेळ उभे राहण्यात जातो. त्याच वीस मुलींचे चार-चारचे पाच गट केले, लहान चौकोनात दोन सामने लावले आणि उरलेल्या चौघींना प्रत्येकी एक चेंडू देऊन भिंतीपाशी नेले, तर कोणीच रिकामी राहत नाही. लहान मैदानावरच्या सामन्यात पास, अडवणूक, जागा शोधणे आणि ओरडून सहकाऱ्याला सांगणे हे सगळे एकदम शिकले जाते. वयात येण्यापूर्वी मुलामुलींनी एकत्र खेळावे, असेही मी आग्रहाने सांगेन. नेदरलँड्समध्ये मुली मुलांच्या बरोबरीने मिश्र संघांत खेळतात, आणि तिथल्या महिला संघाने २०१७ मध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकले.

गल्लीतल्या खेळाची ही वर्षे मुलींच्या हातून का गेली, हे इतिहासात स्पष्ट दिसते. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज आणि सेंट हेलेन्स या महिला संघांचा सामना झाला. तो पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ मध्ये सरकारी हुकमानेच महिलांना या खेळातून दूर ठेवले गेले आणि १९७९ पर्यंत ती मनाई राहिली. याउलट अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले. शाळा-महाविद्यालयांत मुलींचे संघ उभे राहिले, आणि १९९१ मध्ये चीनमध्ये पहिला महिला विश्वचषक झाला तेव्हा तो अमेरिकेने जिंकला. त्या स्पर्धेत सामने ८० मिनिटांचे ठेवले होते. पूर्ण ९० मिनिटे महिलांना झेपतील, यावर आयोजकांचा तोवर विश्वास नव्हता.

भारतात १९७५ मध्ये महिलांची स्वतंत्र फुटबॉल संघटना स्थापन झाली आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. काही वर्षांतच, १९८० च्या सुमारास कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला, भारतीय महिला आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. गुणवत्ता होती. तिच्या मागे शालेय पातळीवरची साखळी, नियमित लीग आणि प्रशिक्षक उभे राहिले नाहीत. देशव्यापी इंडियन वुमेन्स लीग सुरू व्हायला २०१७ उजाडावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. फातोर्डा आणि नवी मुंबईतही सामने झाले. भारतीय मुली भुवनेश्वरला खेळल्या आणि अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. त्या आकड्यांकडे मी आपल्या मुलींचा पराभव म्हणून पाहत नाही. समोरच्या अमेरिकन मुलींमागे पन्नास वर्षांची शालेय व्यवस्था उभी होती. विश्वचषकाआधीचे शिबिर कितीही कडक असले, तरी आठव्या वर्षी न मिळालेला चेंडू ते सोळाव्या वर्षी देऊ शकत नाही. तो द्यायचे काम गावातल्या आणि पेठेतल्या प्रशिक्षकाचे आहे.

आता शरीराकडे वळू. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी गुडघ्याला दिला आहे, कारण मुलींच्या फुटबॉलमधली सर्वांत महागडी दुखापत तिथे होते. ‘एसीएल गेली’ हे शब्द ऐकले की सगळा संघ गप्प होतो. गुडघ्याच्या मध्यभागी असलेला हा तिरका बंध तुटला की बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, पुन्हा खेळायला नऊ महिने किंवा अधिक जातात, आणि आपल्याकडच्या अनेक मुलींच्या बाबतीत घरचे पुन्हा पाठवतच नाहीत. हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये दोन-तीन पट असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. बहुतेक वेळा कोणी धडकलेलेही नसते. धावता धावता दिशा बदलताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो आणि बंध तुटतो.

याचे एक मोठे कारण वयात येण्याच्या काळात सापडते. त्या वर्षांत मुलांची उंची आणि वजन वाढते, तसे स्नायूंचे बळही झपाट्याने वाढते. मुलींची उंची-वजन वाढते, पण बळ आपोआप त्या वेगाने वाढत नाही. ते व्यायामाने आणावे लागते. शिवाय अनेक मुली मांडीच्या पुढच्या स्नायूंवर अधिक भार टाकतात, मागचे स्नायू आणि नितंब कमी वापरतात, आणि गुडघे ताठ ठेवून जमिनीवर उतरतात. या तिन्ही गोष्टी शिकवून बदलता येतात. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक वॉर्मअप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या होत्या. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींच्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचे व्यायाम करणाऱ्या गटात एसीएल तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०१२ मध्ये आला.

ते व्यायाम असे होते: एका पायावर बैठक, दोन पायांवर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे, आणि उडी मारून नीट उतरणे. यासाठी जिम लागत नाही, मशीन लागत नाही, मातीचे मैदान पुरते. फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्मअपही याच धर्तीचा आहे. त्यात १५ व्यायाम असून सगळे मिळून २० मिनिटे लागतात. प्रशिक्षकाने फक्त डोळे उघडे ठेवायचे. मुलगी उतरली तेव्हा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला की आत पडला? उतरताना आवाज मोठा आला की हलका? तीस मुलींकडून हात वर-खाली करवून घेतलेला वॉर्मअप हे काम करत नाही. प्रत्येकीचे उतरणे पाहिले आणि जागच्या जागी दुरुस्त केले, तरच त्या १५ मिनिटांना अर्थ आहे.

यानंतरचा विषय पाळीचा. आपल्याकडे बहुतेक मैदानांवर हा शब्द उच्चारला जात नाही, आणि त्यामुळे मुलगी ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी राहते आणि हळूहळू येणेच बंद करते. अलीकडे मोठ्या संघांनी हा विषय उघड केला आहे. एमा हेज प्रशिक्षक असताना चेल्सीच्या महिला संघाने पाळीच्या चक्राची नोंद ठेवून सरावाची आखणी करायला सुरुवात केली. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ मध्ये पांढरी शॉर्ट सोडून निळी घेतली, कारण डागाची धास्ती घेऊन खेळावे लागते असे खेळाडूंनी स्पष्ट सांगितले होते. शालेय संघाचा गणवेश निवडताना एवढा साधा विचार आपणही करू शकतो. चक्राच्या अमुक दिवशी अमुकच व्यायाम करावा, इतके नेमके सूत्र अजून शास्त्राच्या हाती आलेले नाही. प्रत्येकीचा अनुभव वेगळा असतो. म्हणून या पुस्तकात मी मुलीने स्वतःची वही ठेवावी असे सुचवले आहे. तारीख, झोप, थकवा, दुखणे, एवढेच त्यात लिहायचे. वही तिची, दाखवायची की नाही हे तिने ठरवायचे. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरकडे जायलाच हवे. सरावाच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून या धोक्याकडे सातत्याने लक्ष वेधले आहे. पाळी थांबणे हे उत्तम तयारीचे लक्षण आहे, हा समज काही मैदानांवर अजून आहे. तो घातक आहे.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे आणखी मोठा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्या संघातल्या निम्म्याहून अधिक मुली कमी हिमोग्लोबिनवर धावत असण्याची शक्यता आहे. अशा मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावणे हा अन्याय आहे. तिचे रक्त तपासायला हवे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरोखर घेते का, हे विचारायला हवे. नाचणी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, जमत असेल तर अंडे, जेवणात लिंबू पिळणे आणि जेवणाबरोबर चहा टाळणे, इतके सल्ले कोणत्याही घराला परवडतात. सकाळी सहाच्या सरावाला मुलगी काय खाऊन आली, हे विचारण्याची सवय प्रशिक्षकाने लावून घ्यावी. मुलीचे वजन चारचौघांत जाहीर करण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

शरीरानंतर घर आणि वाट. मुलगी सरावाला येत नाही याचे कारण अनेकदा तिच्या इच्छेशी संबंधितच नसते. धाकट्या भावाला सांभाळायचे असते, पाणी भरायचे असते, दहावी जवळ आलेली असते, परतीच्या रस्त्यावर दिवे नसतात, मैदानाजवळ शौचालय नसते. आपण जी अडचण सोडवू शकतो, ती आपणच सोडवायची. सराव अर्धा तास आधी सुरू केला तर अंधार टळतो. एकाच वाडीतल्या मुलींना एकत्र सोडले तर आईची काळजी कमी होते. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने मुलींना फुटबॉलसाठी एकत्र आणले आणि त्यांच्यासाठी मैदानाची मागणी लावून धरली. जागेचा हक्क मागणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे त्यातून शिकावे. रांचीजवळच्या हुटुप गावात ‘युवा’ या संस्थेने २००९ पासून आदिवासी मुलींसोबत फुटबॉल सुरू केला आणि पुढे शाळाही चालवली. तिथल्या मुली २०१३ मध्ये स्पेनच्या स्पर्धेत तिसऱ्या आल्या.

शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण मला सर्वांत आश्वासक वाटते. २०११ मध्ये तिथे प्राथमिक शाळांतल्या मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूर या सीमेलगतच्या गावच्या सरकारी शाळेतून मुलींची एक पिढी पुढे आली. सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशच्या महिलांनी दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्या संघात कलसिंदूरच्या अनेक मुली होत्या. तोपर्यंत ही स्पर्धा दर वेळी भारतच जिंकत आला होता. प्राथमिक शाळेत चेंडू मिळाला तर दहा-बारा वर्षांत काय घडते, याचा पुरावा इतका जवळ आहे.

मुलीच्या सुरक्षिततेबद्दल या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते कोणी गाळू नये. २०२२ मध्ये विश्वचषकाच्या तयारीसाठी सतरा वर्षांखालील भारतीय मुलींचा संघ युरोप दौऱ्यावर असताना एका सहायक प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार झाली आणि त्याला पदावरून काढण्यात आले. राष्ट्रीय संघात जे घडू शकते ते कुठेही घडू शकते. म्हणून नियम आधी ठरवायचे आणि पालकांसमोर वाचून दाखवायचे. बंद खोलीत एकट्या मुलीशी बोलायचे नाही. मेसेज गटावरच पाठवायचे. दौऱ्यावर महिला व्यवस्थापक हवीच. व्यायाम दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारायचे. मुलीने काही सांगितले तर ते दाबायचे नाही, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे.

एवढी काळजी घेतल्यावर प्रशिक्षकाला कडक होण्याचा अधिकार मिळतो, आणि तो त्याने जरूर वापरावा. मुलींना ओरडायचे नसते, त्यांना स्पर्धा आवडत नाही, त्या भांडत बसतात, या समजुती मैदानावर टिकत नाहीत. मुलगी गोल खाल्ल्यावर रडली तर तिला हरण्याचा राग आला आहे. त्या रागाचे रूपांतर पुढच्या बचावात कसे करायचे ते तिला दाखवावे. खांदा लावून चेंडू कसा जिंकायचा, घसरून टॅकल कधी करायचा, हेडर मारताना मान कशी ताठ ठेवायची, हे सगळे तिला शिकवलेच पाहिजे, नाहीतर सामन्यात ती तयारीवाचून त्याला सामोरी जाते. चूक स्पष्ट सांगावी, कारण सांगावे, आणि लगेच तीच हालचाल पुन्हा करून घ्यावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मानाउस इथे ब्राझीलविरुद्ध भारत १-६ असा हरला. त्यातला भारताचा एकमेव गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने केला. पुढच्याच वर्षी ती सायप्रसच्या अपोलोन संघाकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, आणि तिथे खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. अशी खेळाडू लाडाकोडाच्या सरावातून घडत नाही.

जुलै २०२५ मध्ये चिआंग माईत भारतीय महिलांनी थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. मैदानावर पात्रता फेरी खेळून अशी जागा आपल्या देशाला पहिल्यांदाच मिळाली, आणि या यशाचा उपयोग खालच्या पातळीवर प्रशिक्षक वाढवण्यासाठी व्हायला हवा. त्यात बायका हव्यात. गोव्याच्या मेमोल रॉकी यांनी २०१७ पासून काही वर्षे भारताच्या वरिष्ठ महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बेकनाळ गावातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) ए परवाना मिळवला आणि राष्ट्रीय महासंघाच्या ग्रासरूट्स विभागाचे काम पाहिले. ही नावे मुलींना माहीत असायला हवीत. शाळेच्या भिंतीवर मेस्सीचे चित्र असेल, तर शेजारी यांचेही असावे.

पुस्तकाची मांडणी प्रशिक्षकाच्या वर्षाप्रमाणे केली आहे. आधी जूनमधली जुळवाजुळव आणि पालकसभा, मग वॉर्मअप आणि गुडघ्याची काळजी, नंतर वयानुसार सरावाचे आराखडे, पावसाळ्यातल्या चिखलाच्या मैदानासाठी वेगळे व्यायाम, शालेय स्पर्धांची तयारी, आहार, पाळी, दुखापतीनंतरचे पुनरागमन आणि शेवटी मुलींना प्रशिक्षक म्हणून घडवण्याचे प्रकरण. सगळे एकदम अंमलात आणणे शक्य नाही. पहिल्या महिन्यात वॉर्मअप बदला आणि शक्यतो प्रत्येकीच्या पायाशी चेंडू राहील असा सराव आखा. दुसऱ्या महिन्यात वह्या सुरू करा आणि रक्ततपासणीसाठी जवळच्या आरोग्य केंद्राशी बोला. तिसऱ्या महिन्यात आसपासच्या दोन-तीन शाळा गाठून मुलींचे सामने लावा, कारण सामन्यांविना सराव फार दिवस टिकत नाही. आणि संघात सतरा-अठरा वर्षांची, खेळ समजणारी, लहानग्यांना सांभाळून घेणारी एखादी मुलगी असेलच. आठवड्यातून एक दिवस सराव तिच्या हाती द्या. येत्या सुट्टीत ई परवान्याच्या वर्गाला तिचे नाव नोंदवा, आणि फी तिच्या घरी जड जात असेल तर ती मंडळाने किंवा शाळेने भरावी.